सवयीची भूक

पोटात कावळे ओरडतात असं म्हणतात. तिच्या पोटातले कावळे ओरडून ओरडून दमले होते आणि आता नुसते ओळीने बसून असायचे. दुपार कलली की त्यातला एखादा मान वर करायचा, एकदाच 'का' म्हणायचा आणि पुन्हा पंखात चोच खुपसायचा. मग ती पाण्याची बाटली तोंडाला लावायची, चार घोट घ्यायची आणि समोरच्या बाईला म्हणायची, "हं, बोला. या आठवड्यात कसं जमलं?"

पोषण सल्ला केंद्र एका सरकारी इमारतीत, चांगलं वरच्या मजल्यावर होतं. खाली जन्ममृत्यूची नोंद, मध्ये पाण्याची बिलं आणि वर हे. जिना चढून आलेल्या बायका धापा टाकत खुर्चीत बसायच्या आणि म्हणायच्या, "केंद्र वर ठेवलंत हे मात्र बरं केलंत हो, निम्मं वजन जिन्यातच उतरतं." हा विनोद तिने इतक्यांदा ऐकला होता की हसू आता आपोआप यायचं, नळ सोडल्यासारखं.

टेबलामागे काचेचं कपाट. त्यात प्लास्टिकचं जेवण मांडलेलं. एक वाटी प्लास्टिकचा भात, एक पाव, एक सफरचंद, मधोमध कापलेलं एक अंडं. किती खायचं हे बायकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. आयांबरोबर आलेल्या पोरांनी त्या अंड्याचा कितीदा चावा घेऊन पाहिला होता, बलकावर दातांच्या खुणा होत्या. हल्ली तिलाही त्या अंड्याकडे पाहून तोंडाला पाणी सुटायचं. असल्या गोष्टी कोणाला सांगता येत नाहीत.

तिचं काम बोलण्याचं, आणि ती बोलायची छान. तिचं एक वाक्य तर केंद्रात प्रसिद्ध होतं. कोणी म्हणालं, ताई, भूक लागते हो, की ती जरा पुढे झुकायची आणि मैत्रिणीला विचारावं तसं विचारायची, "खरी भूक की सवयीची?" मग सांगायची, "ग्लासभर पाणी प्या. थोडं थांबा. निघून गेली, तर ती खरी नव्हतीच." वाक्य प्रशिक्षणातलंच, सगळ्यांना शिकवलेलं, पण तिच्या तोंडून ऐकताना बायकांना वाटायचं, खरंच की, आपलं पोट आपल्याला इतकी वर्षं गंडवत होतं. केंद्राच्या मॅडम नव्या मुलींना तिच्या टेबलाशेजारी बसवून म्हणायच्या, "ऐका. शब्द नका पाठ करू, आवाज पाठ करा."

त्या दिवशी समोर तिकीटबाई होत्या. सारी नोकरी बसमध्ये लोकांची तिकिटं तपासण्यात गेलेली, आता निवृत्त झालेल्या. नाव कागदावर असेल काहीतरी, पण केंद्रात सगळे तिकीटबाईच म्हणायचे.

"ताई, दुपारचा चहा झाला की मला जी भूक लागते ना, म्हणजे कडाडून."

"खरी की सवयीची?"

"ते कसं ओळखायचं?"

"पाणी प्यायचं, थांबायचं."

"म्हणजे भूक आली की तिला दारातच अडवायचं. तिकीट दाखव म्हणायचं. आणि ती कंटाळून मधल्याच थांब्यावर उतरून गेली की आपण म्हणायचं, बघा, फुकटीच होती!"

शेजारी वजनकाट्यापाशी बसणारा काटेवाला फस्सकन हसला. तीही हसली. हसताना डोळ्यांपुढे क्षणभर काजवे चमकले म्हणून तिने टेबलाची कड धरली.

"आणि तुमचं काय हो?" तिकीटबाईंचा आवाज उतरला. "डोळे बघा कुठे गेलेत. घरात तान्हं ना तुमच्या?"

"मी मजेत आहे."

"मजेत म्हणे! माझ्यासमोर घाम पुसत पुसत मजेत म्हणणारे लोक मी भरपूर पाहिलेत. जाऊ दे. द्या तुमचा कागद."

तान्हं होतं घरात, मुलगी. जन्माला आली तेव्हा इतकी एवढीशी होती की बाप तिला बोटभर म्हणाला, आणि तिची बोटभरी झाली ती कायमचीच. तिला घरी ठेवून आई कामावर परतली, त्याच आठवड्यात मॅडमनी आईला आत बोलावून घेतलं होतं. रागावल्या नव्हत्या. उलट आधी बाळाचा फोटो पाहिला, गोड गं, म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "बायका तुझ्याकडे बघतात. तू त्यांना सांगणार आणि तुझंच पोट टेबलाला लागणार, कसं दिसतं ते?"

केंद्राचा नियमच होता. सल्ला देणाऱ्याने बायकांना द्यायचा तोच आहाराचा तक्ता स्वतः पाळायचा आणि दर महिन्याच्या सुरुवातीला, आलेल्या सगळ्या बायकांसमोर, वजनकाट्यावर चढायचं. काटेवाला आकडा मोठ्याने म्हणायचा. उतरला असेल तर टाळ्या.

तिने तक्ता घेतला. बैठं काम करणाऱ्या स्त्रिया, असं वर लिहिलेलं. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, पाजत्या आयांनी सल्लागाराचा सल्ला घ्यावा. सल्लागार तीच. आता स्वतःचा सल्ला स्वतःलाच कसा विचारायचा? तिने मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, वर विचारते. वरून अजून काही उत्तर आलं नव्हतं. तोवर तिने सगळ्यांचा तक्ता होता तोच पाळायला घेतला. सकाळी पातळ दूध आणि एक पाव. दुपारी कपाटातल्या वाटीएवढा भात. संध्याकाळी काकडी.

जेवणाच्या सुट्टीत ती अडगळीच्या खोलीत जायची. भिंतीला टेकलेली जुन्या पोस्टरांची भेंडोळी, एक मोडका वजनकाटा, आणि त्यावर बसून ती पंपाने दूध काढायची. सुरुवातीला बाटली गळ्यापर्यंत भरायची. मग अर्ध्यावर आली. आता तर बूड तेवढं पांढरं व्हायचं. ती पंप उलटासुलटा करून बघायची, वॉशर खराब झाला असेल म्हणायची, जिन्याच्या चढउतारावर ढकलायची. आणि आणखी एक ग्लास पाणी प्यायची.

महिन्याची सुरुवात झाली. ती चपला काढून काट्यावर चढली. काटेवाल्याने आकडा म्हटला. खोलीभर टाळ्या. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा, बाळंतपणानंतरसुद्धा जमतं. मनावर घ्यायला पाहिजे फक्त." ती खाली उतरली तेव्हा फरशी जराशी उशिराच पायाखाली आली. टाळ्या चालूच होत्या.

घरी सासूबाईंनी दार उघडलं तेच विचारत, "किती?" तिने आकडा सांगितला तसा त्यांचा चेहरा फुलला. सुनेची सरकारी नोकरी हा त्यांचा वीक पॉइंट. तक्ता त्यांनीच फ्रिजवर चिकटवला होता, चारी कोपऱ्यांना पट्टी लावून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या, "आमच्या सूनबाई हे लोकांना सांगतात. मोठमोठ्या बायका येतात विचारायला." काकडी तर त्या अशी चिरून ठेवायच्या की चकती सूर्याकडे धरली तर पलीकडचं दिसावं.

नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा. भूक त्याची दणदणीत. तिचा तक्ता सुरू झाल्यापासून तो आपलं ताट घेऊन गॅलरीत जायचा, तिच्यासमोर खायला नको म्हणून. पण गॅलरीचं दार नीट लागत नसे आणि तो भुरके मारत जेवायचा. ती आत बाळाला मांडीवर घेऊन बसायची आणि भुरके ऐकायची. एकदा तो दारातून डोकावून म्हणाला होता, "अगं, घास घेतेस का? कोणाला सांगत नाही." तिला त्याचा इतका राग आला होता, इतका, की तिचं तिलाच नवल वाटलं. घासाचा राग नव्हता. त्याला इतकं सहज भूक लागते, आणि लागली की तो खातो, याचा होता.

त्या दिवशी, टाळ्यांच्या त्या दिवशी, तो अजून यायचा होता. सासूबाई गच्चीवर वाळलेले कपडे आणायला गेल्या. उन्हं अजून खिडकीत होती. बोटभरीला पाजून फार वेळ झाला नव्हता आणि ती पुन्हा रडायला लागली.

"काय गं? आत्ताच तर घेतलंस."

रडणं वाढलं. तिने उचलून घेतलं, फेऱ्या मारल्या, पाठ थोपटली. बाळ मान वळवून वळवून तिच्या कुर्त्याला तोंड लावू लागलं. दवाखान्यातून बाळाच्या दुधाच्या वेळाही लिहून दिलेल्या होत्या, आणि ही वेळ त्यात बसत नव्हती. ती इतकी दमली होती. दिवसभर बोलून जिभेला जे वळण पडलं होतं, तेच आपोआप पुढे आलं.

"ही खरी भूक नाही गं राणी," ती म्हणाली. आवाज तोच, टेबलावरचा, उबदार, कसलीही घाई नसलेला. "ही सवयीची भूक. आपण थोडं पाणी पिऊ, थोडं थांबू, हं? बघ, निघून जाते की नाही."

उकळून गार केलेलं पाणी ओट्यावर वाटीत झाकलेलं होतं. तिने चमच्याच्या टोकावर थोडं घेतलं. बोटभरीने चमचा ओठांत पकडला, चोखला, तोंड वाकडं केलं. आणखी एक चमचा. अजून एक. रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं आणि मग थांबलं.

ती चक्क खूश झाली. "जमलं की नाही? शहाणी माझी ती."

बोटभरी तिच्याकडे बघत होती. पापण्या ओल्या, गाल ओले. तिची एक मूठ कुर्त्याच्या काठावर आवळलेली होती, ती एकेक बोट करत सैल झाली आणि हात खाली पडला. ती झोपली नव्हती. पोटही भरलेलं नव्हतं, तीन चमचे पाण्याने कोणाचं भरतं? ती नुसती गप्प झाली होती. आणि हे गप्प होणं तिच्या आईला चांगलं माहीत होतं. रोज टेबलापलीकडे दिसायचं. बाई आधी जरा वाद घालते, मग मान हलवते, मग पर्स उघडून कागद आत ठेवते आणि जाते. तिला वाटायचं, पटलं बाईला. भूक कुठे जात नव्हती. बाया मागायच्या थांबायच्या, एवढंच.

तिच्या हातातली वाटी कलंडली. पाणी ओट्यावरून खाली आलं, ते तिने पुसलं नाही. ती तिथेच, ओट्याखाली, भिंतीला टेकून बसली आणि बाळाला छातीशी लावलं. "घे गं. घे. चुकलं माझं." बोटभरी ओढू लागली, सोडून देऊ लागली, पुन्हा ओढू लागली. येत फारसं काही नव्हतं. येणार कुठून?

बसल्या जागी हात पुरेल तिथे नवऱ्याचं झाकून ठेवलेलं ताट होतं. तिने एका हाताने वरची ताटली सारली. भात, बटाट्याची भाजी, दोन उकडलेली अंडी. तिने आधी एक अंडं खाल्लं, सगळं एकदम, घशाशी अडकेपर्यंत. मग भाजी. मग भात, बोटांनी गोळा करून. लोण्याचा डबा खालच्या फळीवर होता, तो गुडघ्यात धरून उघडला आणि बोटानेच चाटलं. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण तोंड मोकळं नव्हतं.

सासूबाई कपड्यांची टोपली घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"अगं, अगं, हे काय? ते त्याचं ताट!"

"आई, मला भूक लागलीय."

"हो, पण तुझी काकडी ठेवलीय ना मी. चिरून."

"आई." तिने घास गिळला. "मला भूक लागलीय."

सासूबाईंनी फ्रिजकडे पाहिलं. मग तिच्याकडे, मग मांडीवरच्या नातीकडे. "आणि नोकरी? त्या सगळ्यांसमोर उभं करतात ना काट्यावर?"

"चढेन. येईल तो आकडा येईल."

"वजन वाढलं म्हणून काढून टाकतात का?"

"माहीत नाही हो आई. दूध आटत चाललंय माझं. आज मी हिला पाणी पाजून गप्प केलं."

सासूबाईंनी टोपली खाली ठेवली. मग पुटपुटल्या, "मला वाटायचं, शिकलेल्यांचं काही वेगळं असेल. तिचंच खातं आहे, तिला कळत असेल. म्हणून मी आपली काकडी चिरत बसले." त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच त्यांचा आवाज नेहमीचा झाला. "लोणी बोटाने नको खाऊस. चमचा घे. आणि ते दुसरं अंडंही संपव."

"आणि त्याला?"

"त्याला मी करते काहीतरी. तो काय, लिफ्टमधून वरखाली करतो, स्वतः थोडाच चढतो?"

त्यानंतर दूध काही धो धो वाहायला लागलं नाही. तसं गोष्टीत होतं. एक दिवस बरा जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बूड तेवढं पांढरं. बोटभरीला मध्ये थोडे दिवस वरचं दूधही द्यावं लागलं, तेव्हा ती फार रडली, बोटभरी नव्हे, आई. पण ती खात राहिली. भूक लागली की. कधी दोनदा, कधी कितीदाही. पहिल्यापहिल्यांदा तर तिला ओळखूच येत नव्हतं, लागलीय की नाही. इतके महिने अडवून अडवून भुकेने येणंच सोडलं होतं. मग एखाद्या रुसलेल्या पाहुण्यासारखी ती अवेळी यायची, दारात घुटमळायची. ही पाव घेऊन तयारच असायची. हळूहळू भूक वेळेवर येऊ लागली, आणि तिच्या मागोमाग दूधही.

पुन्हा महिन्याची सुरुवात झाली. काटेवाल्याने आकडा इतका हळू म्हटला की मॅडमनी विचारलं, "किती?" त्याने पुन्हा म्हटला. मागच्या बाकावरून कोणीतरी सवयीने दोन टाळ्या वाजवल्या आणि थांबली.

मॅडमनी आत बोलावलं. त्यांच्यापुढे डब्यात गाजराच्या चकत्या होत्या, निम्म्या तशाच उरलेल्या.

"चुकून झालं का हे?"

"नाही मॅडम. मी खाते. मला लागते."

"लागते तर सगळ्यांनाच." मॅडमनी चष्मा काढला. चष्म्यामागे त्याही दमलेल्या होत्या. "मला तर आता लागतच नाही. लागते की नाही, कोण बघतंय? इतकी वर्षं झाली."

मग तिने विचारलं, "वरून उत्तर आलं का?"

"कशाचं?"

"पाजत्या आयांचं."

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. "स्मरणपत्र पाठवलंय."

मॅडमनी डबा थोडा तिच्याकडे सरकवला, मग काय वाटलं कोण जाणे, परत ओढून घेतला.

"तू खा. माझी ना नाही. तुझं बाळ आहे. पण मग त्या खुर्चीत बसून नको. तुला मी नोंदणीच्या खिडकीवर टाकते. तिथे फक्त नंबर द्यायचे, बोलायचं काही नाही."

"आणि पगार?"

"थोडा कमी होईल." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "आवाज फार चांगला होता गं तुझा."

खिडकी जिन्याच्या तोंडाशी होती. नाव लिहायचं, नंबराची चिठ्ठी द्यायची, पुढच्याला बोलवायचं. वारा यायचा, धूळही यायची. पगार कमी झाल्यापासून नवरा सुट्टीच्या दिवशीही लिफ्टची कामं घेऊ लागला होता, आणि रोज संध्याकाळी जिना उतरताना तिला वाटायचं की आपण पायऱ्यांवरच बसून घ्यावं, कोणी उठवेपर्यंत. नवी सल्लागार आत पार्टिशनमागे बसायची. तिचं बोलणं खिडकीपर्यंत ऐकू यायचं. मुलगी हुशार होती, आवाज अगदी तसाच पाठ केला होता तिने. स्वतःचाच आवाज भिंतीपलीकडून ऐकावा तसं वाटायचं.

तिकीटबाई आल्या तशा खिडकीशी थबकल्या.

"हे काय ताई! तुम्ही आणि तिकीट खिडकीवर? आमच्या खात्यात आलात की!"

"आले बुवा."

"गाल वर आलेत थोडे. बरं वाटलं." त्यांनी आत एक नजर टाकली आणि खिडकीत तोंड घातलं. "मला एक सांगा. ती दुपारची भूक अजून लागते. ती खरी का हो?"

"मला नाही माहीत. तुम्हाला काय वाटतं?"

"मला?" तिकीटबाई म्हणाल्या. "हे कोणी विचारलंच नव्हतं. मला वाटतं... हात थरथरतात हो माझे. खरी असावी."

"मग खा."

"किती?"

"भरेल तेवढं."

"असं कसं ताई? वाटीचं माप सांगा काहीतरी. नुसतं भरेल तेवढं म्हणजे? मला कसं कळायचं भरलं ते?"

"कळतं. लगेच नाही कळत. मलाही वेळ लागला."

तिकीटबाईंनी मान हलवली. पटलं नव्हतं, स्पष्ट दिसत होतं. "लिहून दिलं असतंत तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या, चिठ्ठी घेतली आणि आत रांगेत जाऊन बसल्या. थोड्या वेळाने पार्टिशनमागून तो ओळखीचा उबदार प्रश्न ऐकू आला, आणि तिकीटबाईंचं उत्तर मात्र ऐकू आलं नाही.

तिला उठून आत जावंसं वाटलं. पाय उचलले नाहीत. आत जाऊन सांगणार काय होती? तिच्याकडे ना वाटीचं माप होतं, ना कसला तक्ता. खिडकीपुढे आणखी चौघीजणी उभ्या होत्या, धापा टाकत. तिने दोघींना चिठ्ठ्या दिल्या. तिसरीचं नाव लिहीत होती, तेवढ्यात छातीत ती ओळखीची कळ उठली, दोन्हीकडे, मुंग्या आल्यासारखी, आणि कुर्त्यापुढे दोन ओले ठिपके हळूहळू पसरू लागले. घरी बोटभरी जागी झाली असेल. की नसेलही झाली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंच नाही. अर्धवट लिहिलेलं नाव तसंच ठेवून तिने ओढणी पुढे ओढली, खिडकीची झडप खाली केली आणि बाहेरच्या बायकांना म्हणाली, "थोडं थांबावं लागेल हो. माझी वेळ झाली."